भिंतीतले केस

इंझोरीत निताच्या भट्टीला सगळे ढोलच म्हणत. तेलाचा जुना पिंप, आतून पांढरं अस्तर, खाली गॅसची ज्योत. ललिताबाईंच्या सासऱ्यांच्या वेळी आवा रचला की गोवऱ्यांचा धूर गावभर रेंगाळायचा, आणि राखेतून मडकी निघेपर्यंत घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. सून निताचं राकू, ही जपानी भाजणी, म्हणजे सगळी घाई. भांडं निखाऱ्यासारखं लाल असतानाच लांब चिमट्यानं बाहेर ओढायचं, भुश्याच्या डब्यात घालायचं, झाकण दाबायचं. काचेच्या पांढऱ्या लेपाला बारीक तडे जात, त्यांत धूर शिरून काळी जाळी उमटे.

काही सुरया मात्र ती भुश्यात घालत नसे. त्यांना लेप पोटालाच. गळा बिनलेपाचा, नुसता घोटून गुळगुळीत केलेला. तापल्या गळ्यावर घोड्याच्या शेपटीचे केस सोडले की ते वळवळत आणि जळताना मातीवर काळी रेघ ठेवून जात.

त्या दुपारी ललिताबाई ओट्यावर तुरी पाखडत होत्या. जळक्या केसांचा वास आला. पण रोजचा नव्हे. त्यात खोबरेल तेल होतं.

"घोड्याचे केस आनले का वं निता?"

"कुठचे आई! लगनसराईत घोडीवाला हाती लागते का? मागच्या भितीतल्या बिळात केसाचा बुचका व्हता, थोच घेतला. आता कोन येते केसावर भांडे देयाले?"

ललिताबाईंच्या हातातलं सूप तिरपं झालं.

बुचका कुंदाचा होता. त्यांच्या मुलाच्या, राजपालच्या, पहिल्या बायकोचा. विंचरताना निघालेला प्रत्येक केस बोटाला गुंडाळून ती भिंतीत खोचायची. केसांच्या बदल्यात भांडी देणारी आली की स्वयंपाकाचा मोठा गंज घ्यायचा होता तिला. अकोल्याच्या दवाखान्यातून ती परत आलीच नाही. निता लग्न होऊन आली तेव्हा ललिताबाईंनी कुंदाचा फोटो, साड्या, सगळं माहेरी पाठवून दिलं, घरात तिचं नाव घेणंही सोडलं. नव्या सुनेवर सावली नको. तेवढा बुचका मात्र त्यांच्यानं काढवला नव्हता.

"पाहा ना," निता हरखून म्हणाली, "घोड्याच्या केसाची अशी रेघ कधी आली काय? ही सुरई नागपूरच्या दुकानात जाईन. उद्याच गाडी हाय."

न्हाऊन आलेल्या बाईनं मान खाली घालून केस पुढं सोडावेत, तशा रेघा गळ्यावर पडल्या होत्या. निवणारा लेप टिंग टिंग वाजत होता. ललिताबाईंनी सूप सावरलं. सांगावं तर सुनेचं मन मोडेल. न सांगावं तर कुंदा खोक्यात बंद होऊन परक्या घरी जाईल.

संध्याकाळी सुरई हाताला गार लागली, तरी वाजायची थांबली नाही.

सकाळी निता खोकं घेऊन आली आणि सुरई ठेवलेल्या फळीसमोर उकिडवी बसून राहिली.

"आई, ह्या रेघा काल गळ्यावरच व्हत्या ना?"

रेघा लेपावर उतरल्या होत्या.

"लेपावर केस धरतच नाही. आन तेबी थंड्या भांड्यावर?" तिनं नखानं खरवडून पाहिलं. "तुमी काहून बोलून नाही राह्यल्या? कोनाचे केस व्हते थे?"

"कुंदाचे."

निता उठली. तिनं सुरईवर हात ठेवला तशा ललिताबाई पुढं झाल्या. "फोडू नको माय. तिचं तेवढंच हाय माह्याजवळ."

"फोडीन कायले?" निता त्यांच्याकडे वळली. "पन माह्याच घरात माह्यापासून लपवून ठेवलं तुमी. मी काय तिले हाकलून देलं असतं?" मग हळूच, "किती लांब व्हते?"

ललिताबाईंनी हात स्वतःच्या गुडघ्याखाली नेला.

निता सुरईकडे पाहत राहिली. एक रेघ बुडाशी पोचली होती. तिचं टोक फळीवर नखाएवढं पुढं आलेलं.

तिनं खोकं पायानं बाजूला सारलं. सुरई दोन्ही हातांनी उचलून उंच फडताळावर, अगदी काठाशी ठेवली. मग खालचे चिमटे, कॅलेंडर, खुंट्यांवरच्या चाळण्या, एकेक करून सगळं उतरवलं.

"आता इथं काही टांगू नका आई," ती म्हणाली. "केसायले खाली जागा लागन."