तिसऱ्या बाकावरचा हात

तेरा वर्षं त्या मुलीचा हात वर होता आणि तेरा वर्षं कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नाही. तिच्या स्वतःच्या बापाच्याही नाही, पण ते पुढे येईलच.

'चेटकूची शाळा' ही टीव्हीवरची मुलांची कार्टून मालिका. चेटकू म्हणजे आठ वर्षांची चेटकीण, इयत्ता तिसरी. तेरा वर्षं तिसरीच. तिला कुणी नापास केलं नव्हतं आणि पासही केलं नव्हतं, आणि याबद्दल एकाही पालकाची कधी तक्रार आली नाही. दर भागात एकदा तरी वर्ग भरायचा. खडूबाई मंत्र शिकवायच्या, चेटकू तो चुकवायची, कुणाचा तरी बेडूक व्हायचा, आणि मागच्या भिंतीशी दहा मुलं गप्प बसलेली असायची. ती कधीच हलायची नाहीत, कारण ती भिंतीबरोबरच रंगवलेली होती.

इथे स्टुडिओची रीत सांगायला हवी. जे हलतं ते वरच्या मजल्यावर व्हायचं, जे हलत नाही ते खालच्या. वरच्या मजल्याचा मुख्य चित्रं हलवतो म्हणून त्याला सगळे हलवाई म्हणत. खाली एकच माणूस होता, भिंतकाका. भिंती, दारं, झाडं, फळा आणि न उडणारे झाडू भिंतकाकांचे. उडणारे झाडू हलवाईचे. एकदा एक झाडू आधी कोपऱ्यात उभा राहून मग उडणार होता, तेव्हा तो नेमका कुणाचा यावरून दोघं तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते.

वर्गाचं चित्र भिंतकाकांनी पहिल्या वर्षी कागदावर रंगवलं, ते आजतागायत चालत होतं. मधे कॉम्प्युटर आले, कागद गेले, पण त्या भिंतीचा तपकिरी रंग काही केल्या कॉम्प्युटरला जमेना. हलवाईच्या माणसांनी एक्केचाळीस तपकिरी करून पाहिले. कुठला चॉकलेटसारखा व्हायचा, कुठला चिखलासारखा. भिंतकाकांना विचारलं की ते डोळे बारीक करून म्हणत, "त्याला हात लागतो." खरं तर तो रंग पुन्हा त्यांनाही कधी जमला नव्हता. पण झाकली मूठ होती आणि त्या मुठीत त्यांची नोकरी होती.

मग एक पत्र आलं. सात वर्षांच्या कुणा मुलीचं, पेन्सिलीनं लिहिलेलं. 'तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं केव्हाचा हात वर केलाय. तिला विचारा ना. तोपर्यंत मीपण हात खाली करणार नाही.'

स्टुडिओत सगळे हसले आणि पत्र भिंतीला लावलं. दोन आठवड्यांनी हसू आवरलं, कारण त्या मुलीचं पाहून गावोगावची मुलं हात वर करून बसली होती. एका हातानं जेवत होती, एका हातानं आंघोळ करत होती, झोपेतही हात उशीवर उभा. आयांनी समजावलं, बापांनी दटावलं, आजोबांनी हात धरून खाली ओढला, तर सोडल्यासोडल्या परत वर. शाळांमध्ये शिक्षकांची तर दाणादाण उडाली. एवढे हात एकदम वर पाहायची त्यांना सवय नव्हती, आणि "हं, बोल" म्हटलं की मूल म्हणायचं, "मला काही नाही विचारायचं, तिला विचारायचंय." शिंप्यांनी एक बाही वर शिवलेले स्वेटर काढले. ते हातोहात खपले.

सोमवारी वाहिनीच्या बाई स्वतः स्टुडिओत आल्या. बाई कधी येत नसत, फक्त त्यांचे निरोप येत.

"शनिवारच्या भागात त्या मुलीचा हात खाली आला पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझा भाचा तीन दिवस गाडीत मावत नाहीये."

"हात खाली येणं म्हणजे हालचाल," भिंतकाका म्हणाले. "हालचाल वरच्या मजल्यावर."

"ती मुलगी भिंत आहे," हलवाई म्हणाला. "मी भिंतीला हात लावत नाही. तेरा वर्षांपूर्वी झाडूच्या वेळी ठरलंय."

"पण खडूबाईंनी तिला विचारायला काय हरकत आहे?" दिग्दर्शकांनी मधे तोंड घातलं.

"खडूबाईंचे डोळे फक्त चेटकूकडे बघतात," हलवाई म्हणाला. "मागे बघणारे डोळे आम्ही काढलेलेच नाहीत."

"मग काढा!" बाई ओरडल्या, आणि तेरा वर्षांत पहिल्यांदाच खडूबाईंना मागे बघायची परवानगी मिळाली.

हलवाई मुलीचे ओठ आणि खडूबाईंचे डोळे करायला कसाबसा तयार झाला. भिंतकाका मात्र अडून बसले. हात खाली केला की हातामागची भिंत उघडी पडणार, ती रंगवायला तो तपकिरी लागणार, आणि तो कुठून आणायचा? हे बोलायची सोय नव्हती, म्हणून ते तत्त्वाचं बोलत राहिले.

दुसरा घोळ त्याहून मोठा. मुलीनं विचारायचं काय? लेखकांनी एका दिवसात सत्तेचाळीस प्रश्न काढले आणि बुधवारी वीस मुलांना बोलावून वाचून दाखवले. वीस मुलं, वीस हात वर.

"'बाई, बेडकाला गृहपाठ असतो का?'"

"नाही," मुलं म्हणाली. "तिचं हे नाहीये."

"'बाई, झाडूला रजा मिळते का?'"

"नाही."

सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस आपटले. शेवटी पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी वैतागून म्हणाली, "तिच्याकडे नीट बघा तरी! तिला विचारायचं नाहीये. तिला सांगायचंय."

सगळ्यांच्या माना भिंतकाकांकडे वळल्या.

"तुम्ही काढलीत ना तिला?" दिग्दर्शक म्हणाले. "कोण आहे ही?"

भिंतकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझी मुलगी," ते म्हणाले.

"अहो, मग घरी जाऊन विचारा की!"

बोलणं सोपं. भिंतकाकांना घाम फुटला होता, आणि तो शनिवारच्या भागासाठी नव्हता. शनिवारी सकाळच्या गाडीनं त्यांची लेक दूरच्या शहरात चालली होती, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, निदान तीन वर्षांसाठी. ही नोकरीची बातमीही त्यांना बायकोकडून कळली होती. लेक त्यांच्याशी भांडलेली नव्हती. भांडण असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. ती त्यांना काही सांगतच नसे, बस्स.

आणि हे त्यांनीच शिकवलं होतं. बायको नर्स, तिची दुपारची पाळी, म्हणून शाळा सुटली की लेक स्टुडिओत यायची. भिंतकाकांचा नियम एकच. 'मी रंगवत असताना बोलायचं नाही. काही हवं असेल तर हात वर करायचा, माझं झालं की मी विचारीन.' गुणी पोर. ती हात वर करायची. यांचं काही व्हायचं नाही. कधीतरी तिनं हात वर करणं सोडलं, आणि घर किती शांत आहे म्हणून हे खूश झाले.

वर्गाचं चित्र रंगवलं त्या दिवशी दहा मुलं हवी होती आणि नऊच सुचत होती. भिंतकाकांनी वर पाहिलं, तर दारात लेक उभी. गणवेश, दोन वेण्या, हात वर. त्यांना हायसं वाटलं. त्यांनी तिच्याकडे अर्धा तास निरखून पाहिलं. कोपराचं खरचटलेलं काढलं, सैल झालेली रिबीन काढली, वर चेटकिणीची टोपी चढवली, चित्र दिग्दर्शकांकडे पोचवलं आणि लेकीला घेऊन घरी गेले. तिला काय हवं होतं ते विचारायचं राहून गेलं. इतकं निरखून पाहिलं आणि एवढं साधं राहून गेलं! बुधवारी स्टुडिओतून निघताना भिंतकाकांना स्वतःची भयंकर लाज वाटली. रस्त्यात तीन मुलं हात वर करून चालली होती. ते फुटपाथ बदलून पलीकडे गेले.

घरी लेक बॅग भरत होती. स्क्रूड्रायव्हर मोज्यांमध्ये गुंडाळून ठेवत होती. भिंतकाका तिच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. काय म्हणायचं ते वाटेत चार वेळा ठरवलं होतं, ते सगळं उडून गेलं. म्हणून त्यांनी हात वर केला.

लेकीनं पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि आणखी दोन मोजे गुंडाळले. टॉवेलाची घडी घातली, मोडली, परत घातली. भिंतकाकांच्या खांद्याला कळ लागली. पाच मिनिटांतच ही गत, तर मुलं आठवडे कशी काढतात देव जाणे. बायको कपडे घेऊन आली, नवऱ्याकडे बघितलं, "अरे वा, यांनाही ती साथ आली," म्हणाली आणि गेली.

"बोला," शेवटी लेक म्हणाली.

"त्या दिवशी... स्टुडिओत, दारात तू उभी होतीस. हात वर करून. तुला काय सांगायचं होतं?"

"कुठल्या दिवशी? मी रोजच उभी असायची."

"चित्रातल्या. तुला माहितीये ना, ती तूच आहेस?"

"बाबा, माझ्या अख्ख्या वर्गाला माहीत होतं. कॉलेजात गेले तरी मला 'तिसरा बाक' म्हणत होते." ती बॅगेशेजारी बसली. "तुम्ही ब्रश चहात बुडवत होतात."

"काय?"

"पाण्याचा ग्लास आणि चहाचा कप शेजारी शेजारी होते. तुम्ही ब्रश कपात बुडवत होतात आणि भिंत रंगवत होतात. अख्खी भिंत रंगवलीत त्या चहानं."

भिंतकाका मटकन खाली बसले. एक्केचाळीस तपकिरी! तेरा वर्षं 'हात लागतो'!

"अगं, मग ओरडायचं नाहीस का?"

"बोलायचं नाही, हात वर करायचा. नियम कुणाचा होता?"

भिंतकाका बोटावरचा रंगाचा डाग खरवडायला लागले.

"आणि तेवढंच नव्हतं," लेक म्हणाली. तिनं मोज्याची गुंडाळी उगाच सोडली. "तो चहा मी केला होता. पहिल्यांदाच. कोपऱ्यातल्या किटलीत, स्टुलावर चढून. कोपर त्यातच खरचटलं होतं. मला सांगायचं होतं की मी केलाय, पिऊन बघा. मग चित्र झालं आणि तुम्ही ग्लासातलं आधी ब्रश धुतलेलं पाणी घटाघट प्यायलात आणि म्हणालात, 'वा, छान झालाय चहा.' आता त्यावर मी काय बोलणार?"

भिंतकाकांना हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस जसा दिसतो तसे ते दिसले. लेकही हसली. बऱ्याच वर्षांनी ती त्यांच्यासमोर हसत होती आणि त्यांना ते कळत होतं.

"उद्या येशील स्टुडिओत?" त्यांनी विचारलं. "भिंतीचा एक तुकडा रंगवायचा राहिलाय. मला तो चहा लागेल."

"साखर चार चमचे होती," ती म्हणाली. "मला प्रमाण माहीत नव्हतं."

गुरुवारी तिनं त्याच कोपऱ्यात चहा केला. भिंतकाकांनी चित्रातल्या मुलीचा हात खाली घेतला आणि हातामागचा रिकामा तुकडा रंगवला. रंग असा जुळला की हलवाई भिंग घेऊन आला आणि तसाच परत गेला. जाताना मात्र उरलेल्या चहाकडे त्यानं फार संशयानं पाहिलं. कपातला उरलेला चहा भिंतकाका प्यायले. अतिशय गोड होता. त्यांनी तसं सांगितलं.

शुक्रवारी रेकॉर्डिंग. त्या मुलीचा आवाज कुणाचा यावर कुणी वादच घातला नाही. लेखकांनी एकच वाक्य लिहिलं होतं, 'बाई, त्यात कांडी बुडवू नका, तो चहा मी केलाय.' वीस मुलांना फोनवरून वाचून दाखवलं. मग ती दात पडलेली म्हणाली, "हेच होतं."

लेक काचेच्या खोलीत माइकपुढे उभी राहिली. काचेच्या अलीकडे ध्वनिवाला, दिग्दर्शक आणि भिंतकाका. ध्वनिवाल्यानं खूण केली. लेक बोलेना. त्यानं परत खूण केली. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला. तिचं तिलाच नवल वाटलेलं दिसत होतं, पण हात काही खाली येईना.

"आता हे काय?" ध्वनिवाला म्हणाला. "मी खूण केली की हो."

"तुमची नाही," दिग्दर्शक हळूच म्हणाले.

भिंतकाका पुढे झाले. कुठलं बटण दाबायचं ते त्यांना माहीत नव्हतं, ते ध्वनिवाल्यानं दाबून दिलं.

"बोल बाळा," ते म्हणाले. "माझं झालंय."

लेकीनं हात खाली घेतला आणि वाक्य म्हटलं. कागदावर तेवढंच होतं. पण ती थांबली नाही. लिफ्टच्या कंपनीत तिला भीती वाटणार आहे, असं ती म्हणाली. पाचवीत तिनं पोहण्यात बक्षीस मिळवलं होतं आणि ते कपाटात मागे आहे, आणि एकदा ती सांगायला आली होती की दाराला कडी लागत नाही, आणि एकदा नुसतीच आली होती. ध्वनिवाल्यानं यंत्र बंद करायला हात पुढे केला. भिंतकाकांनी तो मनगटाशी धरला आणि धरूनच ठेवला.