खंडेनवमी आणि कॉन्टेसाचा एसी

निवृत्त माणसाला रोजच रविवार, तिथी त्याला कोण सांगणार. म्हणून तर ज्योतीरामांनी आपली जुनी कॉन्टेसा नेमकी अष्टमीच्या संध्याकाळी खोलली. डॅशबोर्ड उचकटून अंगणात ठेवला, बॅटरीची तार सोडली, आणि उद्या कटर घेऊन एसीचं वायरिंग छाटून टाकू असं म्हणत ते जेवून झोपले.

सकाळी उठून पाहतात तो पक्कड, पाने, स्क्रू-ड्रायव्हर आणि कटर, सगळी मंडळी देवघरासमोर पाटावर बसलेली. कपाळाला हळदकुंकू, अंगावर झेंडू. शेजारी स्वयंपाकघरातली विळी आणि सुरीसुद्धा. खंडेनवमी होती. त्यांच्या पत्नी सुमनताईंनी पहाटेच पूजा उरकली होती, आणि पूजेतल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा या घरचा कायदा. कायदा करणारेही ज्योतीरामच. चाकणच्या ज्या कारखान्यात गाड्यांच्या तारांच्या जुड्या बांधत त्यांची उमर गेली, तिथे दर खंडेनवमीला नारळ तेच फोडायचे. एकदा एका साहेबांनी पूजेतला पाना उचलला, तर यांनी सगळ्यांदेखत तो परत ठेवायला लावला होता. आता ते कुठल्या तोंडाने कटर उचलणार?

बरं, थांबूनही चालणार नव्हतं. गाडीतला एसी कंपनीतूनच बसवून आलेला, त्याने मान टाकूनही कैक वर्षं झाली होती. पण तारा मागे राहिल्या, त्या ज्योतीरामांनी ही जुनी गाडी घेतली तेव्हाच उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, आणि तेव्हापासून मेलेला एसी रात्रभर बॅटरी पीत बसायचा. सकाळी गाडीला धक्का. धक्का मारायला अर्थातच सुमनताई, कारण स्टिअरिंगला ज्योतीराम. तळेगावातल्या त्या गल्लीला पदर खोचून गाडी ढकलणाऱ्या सुमनताई आता दूधवाल्याइतक्या सवयीच्या झाल्या होत्या. शेवटी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. दसऱ्याला सकाळीच कार्ल्याच्या एकवीरेला जायचं. गाडी धक्क्याशिवाय निघाली तर ठीक, नाहीतर त्याच दिवशी भंगारात. भंगारवाल्याला निरोपही गेला होता. ज्योतीरामांचा तर गाडीवर जीव होता आणि बायको शब्दाची पक्की होती.

त्यांनी चाकणला इनायतला फोन लावला. इनायत गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, जुना दोस्त. तो लगेच आला, पण आला तो हात हलवत.

“बबनरावनं माझ्या टेस्टरला बी हार घातलाय, भाऊ,” तो म्हणाला. बबनराव म्हणजे गॅरेजातला त्याचा भागीदार. “तो हार काढून मी तुमची वायर तपासली, तर बबनराव दिवाळीपत्तर माझ्याशी बोलायचा न्हाई.”

मग दोघे बॉनेटवर कोपरं टेकून हत्यार कशाला म्हणावं या गहन प्रश्नाला भिडले. उंबऱ्यावर बसलेल्या सुमनताई निकाल देत होत्या. नेलकटरला धार आहे, सबब हत्यार. अडकित्त्याचं तर नावच काढायचं नाही. केसांची पिन चालेल. चमचा? सुमनताईंनी क्षणभर विचार केला. चमच्याला कुंकू लावलेलं नाही, चमचा घ्या.

चमचा हातात आला आणि ज्योतीराम गाडीत डोकं घालून तसेच थबकले. कटर हाताशी असता तर त्यांनी कधीच सपासप छाटलं असतं. आता नुसतं बघण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. एसीच्या तारांची जुडी बाकीच्या वायरिंगहून वेगळी होती, आणि जिथे जिथे ती त्या वायरिंगला जोडली होती तिथे एक प्लग होता. ही जुडी बसवताना कुणी काही कापलं नव्हतं, मग काढताना तरी कशाला कापायचं? आयुष्यभर त्यांनी असले प्लग दाबून बसवले होते. बसवलेला एखादा काढून बघावा हे मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांनी चमच्याचा दांडा खटक्याखाली सारला आणि दाबला. टक्. प्लग सुटला.

इनायतने अशी काही आरोळी ठोकली की शेजारच्या गच्चीवर माणसं जमली. पुढे तर दोघांना चेवच चढला. एक चमचा ज्योतीरामांचा, एक इनायतचा, आणि प्रत्येक टक् ला दोघेही साखरपुड्याला आलेल्या पोरांसारखे हसत. चिरायला विळी नव्हती म्हणून दुपारी दहीभात झाला, आणि चमचे गाडीत असल्याने तो हातानेच खाल्ला. हसू नये म्हणता म्हणता सुमनताईही हसायला लागल्या.

आणि शेवटच्या प्लगाशी घोडं अडलं. तो हीटरच्या डब्यामागे, अरुंद सांदीत होता. ज्योतीरामांचा पंजा जाईना, इनायतचा मनगटाशी अडकला आणि साबण लावून सोडवावा लागला. मग दोघांनीही सुमनताईंच्या हातांकडे पाहिलं, आणि कुणाचीच बोलायची हिंमत होईना.

“हा निघाला की गाडी धक्क्याशिवाय चालेल?” सुमनताईंनी विचारलं.

ज्योतीराम हो म्हणाले. सुमनताईंनी बांगड्या मागे सारल्या, चमचा घेतला, आणि त्या गाडीत आडव्या झाल्या. बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. मग टक् झालं आणि सगळी जुडी, एकही तार न तुटता, सापासारखी अंगणात आली. इनायतने ती गळ्यात घातली आणि तशीच घालून तो चाकणला गेला.

दसऱ्याला हत्यारं मोकळी झाली, डॅशबोर्ड बसला, बॅटरीची तार जोडली. सुमनताई नवी साडी नेसून आल्या आणि सवयीने गाडीमागे जाऊन उभ्या राहिल्या. ज्योतीरामांनी त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. ते विजयी वीरासारखे बायकोकडे वळले, तर तिच्या डोळ्यांत पाणी.

“अहो, आजवर ही सुरू व्हायची तेव्हा मी बाहेरच असायचे,” ती म्हणाली. “मग धावत येऊन बसायचे. सुरू होताना आतून असं वाटतं, हे मला माहीतच नव्हतं.”

ज्योतीरामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांनी गाडी बंद केली, खाली उतरले, आणि तिला स्टिअरिंगसमोर सरकायला सांगितलं. तिने किल्ली फिरवली, गाडी थरथरली, आणि ती लहान मुलीसारखी खिदळली. मग बंद करून तिने पुन्हा सुरू केली. एकवीरेला पोचायला त्यांना बराच उशीर झाला.