तळघराची पाहणी

शिवकुमार खड्ड्यात उतरून औषधांच्या डब्यासाठी मातीत कोनाडा कोरत होता, तेवढ्यात शेजारचे माणिकप्पा भस्म आणि बेलपानं घेऊन परसात आले.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजून कुणी न्हाई," पत्र्याखालच्या बाजेवरून शिवकुमारचे वडील गुरुपादप्पा म्हणाले. "चहा घे."

"तळघर आहे, काका," शिवकुमार खालून ओरडला. "संकटात लपायला."

माणिकप्पांनी वाकून पाहिलं. लिंगायतांत माणूस गेलं, की कोनाडा कोरलेल्या खड्ड्यात पुरतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"काम चोख हाय. जरा लांबट झालंय. आपल्यात बसवत्यात रं, झोपवत न्हाईत."

पुण्याची नोकरी सोडून बायको-लेकरासह किल्लारीजवळच्या या गावी राहायचं, म्हणून शिवकुमार आठवडाभर गाव तपासत राहिला होता. उद्या जगबुडी झाली तरी गाव तगेल, असं त्याचं मत पडलं. बोअरला पाणी होतं, कणगीत ज्वारी होती, छतावर सोलर होतं. शेळीने तर त्याची मोजपट्टी अर्धी खाल्ली, म्हणजे तिचीही सोय होती.

अडलं होतं ते बापापाशी. भूकंपानंतर मिळालेल्या पक्क्या घरात गुरुपादप्पा एकदाही झोपले नव्हते. आत सोयाबीनची पोती झोपत, ते बाहेर. आणि बायकोने, मंजुश्रीने, फोनवर सांगून टाकलं होतं, "मामंजी आत झोपले, की मी शिवांशला घेऊन येते. ज्यांनी भूकंप पाहिलाय त्यांचाच घरावर भरवसा नाही, तिथं मी लेकरू कसं झोपवू?"

मग भिंतीच नकोत, म्हणून शिवकुमारने जमीन खणली होती.

"अप्पा, नुसतं बसून तर बघा."

गुरुपादप्पा शिडीने उतरले. मांडी घातली. तळहात जमिनीला टेकवून खालून काही येतंय का, ते बराच वेळ ऐकत राहिले.

"अंबिकेला ह्ये मिळालं न्हाई," ते म्हणाले.

अंबिका म्हणजे शिवकुमारची बहीण, भूकंपात गेलेली. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

"खड्डे खणायला गावात हातच उरले न्हवते. समद्यांबरोबर तिलाबी जाळलं. आपल्याच दारांच्या लाकडांवर."

माणिकप्पांनी चहा तसाच खाली ठेवला.

गुरुपादप्पांनी कमरेच्या चंचीतून चांदीचा एक बारका वाळा काढला आणि औषधांच्या कोनाड्यात ठेवला. मग हात वर केला. माणिकप्पांनी काही न विचारता भस्म आणि बेलपानं त्या हातात दिली.

"आता बुजव," वर आल्यावर ते शिवकुमारला म्हणाले.

माती सारखी करून होतेय, तोच मंजुश्रीचा फोन आला.

"झालं का तळघर? मामंजी उतरले?"

"उतरले."

"मग आम्ही येऊ?"

गुरुपादप्पांनी पत्र्याखालची बाज उचलली होती. क्षणभर तिचं तोंड घराच्या दाराकडे वळलं. मग ते ती फरफटत नव्या मातीपाशी नेऊ लागले.

"हॅलो? येऊ का आम्ही?"

शिवकुमारने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरला, आणि बाजेचं दुसरं टोक उचललं.