टोपीचा काठ

स्टॅशने हेल्मेटच्या आतली गादी उचकटली, बोटभर जाडीचा स्पीकर कानाच्या भोकाशी बसवला, गादी पुन्हा दाबली आणि हेल्मेट ग्रेडी लँडिसच्या डोक्यावर चढवलं. चामड्याची हेल्मेटं होती तेव्हापासून स्टॅश या अमेरिकन फुटबॉल संघाचं सामान सांभाळत होता.

"यातून बायकोचा आवाज येणार नाही, एवढी खात्री करून घ्या," तो म्हणाला. "माझ्या डोक्यात असला एक आधीच बसवलेला आहे."

ग्रेडी मैदानाच्या मध्यावर गेला. कडेला लावलेल्या कर्ण्यांमधून, सरावापुरती, गर्दीच्या गोंगाटाची टेप सुरू झाली. कोच ब्रॅनिगनने माईक तोंडाशी धरून पुढच्या डावाचं नाव सांगितलं. ग्रेडी हलला नाही. तो कोचकडे बघत नव्हता. कोचच्या एक पाऊल मागे ड्वेन कोवाल्चिक उभा होता, त्याच्याकडे ग्रेडी बघत होता.

ड्वेनने टोपीचा काठ दोनदा ओढला. मग उजवा हात डाव्या कोपरावर, कमरेच्या पट्ट्यावर, शेवटी तीन बोटं छातीवर. हात आपोआप उठले होते.

ग्रेडी वळला आणि वाट बघत असलेल्या दहा जणांना त्याने डाव सांगितला. बरोबर सांगितला.

"खणखणीत ऐकू येतंय त्याला," कोच म्हणाला. "बघितलंस ना, ड्वेन? तुझा नाच संपला."

सगळे हसले. ड्वेनही हसला.

ते चौऱ्याण्णव साल. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव सांगून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायची परवानगी लीगने त्याच वर्षी दिली. तोपर्यंत डाव कडेवरून हातांच्या खुणांनी आत जात असे, आणि या संघात नऊ वर्षं ते हात ड्वेनचे होते. नावाला तो दुसरा क्वार्टरबॅक. नऊ वर्षांत सामन्यात त्याने चेंडू फेकला होता एक्केचाळीस वेळा. पण ग्रेडीने फेकलेला प्रत्येक चेंडू आधी ड्वेनच्या हातांतून गेलेला असायचा.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात एका धडकेनंतर ग्रेडीच्या डाव्या कानाने कायमची रजा घेतली. परतीच्या विमानात ड्वेनने डावीकडून तीनदा काहीतरी विचारलं आणि तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तेव्हा त्याला कळलं. पुढच्या प्रवासात ग्रेडी डाव्या खिडकीशी बसला आणि उजवीकडच्या खुर्चीवर हात थोपटून म्हणाला, "तू इथे बस." त्या विषयावर त्यांचं एवढंच बोलणं झालं. गेल्या वर्षापासून उजवा कानही गोंगाटात दगा देऊ लागला होता. पण डावाआधी खेळाडू जमतात त्या रिंगणात बोलायचं असतं ते क्वार्टरबॅकने, ऐकायचं असतं इतरांनी. कोच तर समोर उभा राहूनच ओरडायचा. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी सराव संपल्यावर ग्रेडी त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर पीच खात बसला होता. ड्वेन त्याच्या उजवीकडे जाऊन बसला.

"कोचला कधी सांगणार आहेस?" ग्रेडीने विचारलं.

"काय?"

"वेड पांघरू नकोस. या वर्षी क्वार्टरबॅक दोनच ठेवणार आहेत. तो टेनेसीचा नवा पोरगा टीग एक. राहिला एक. मी गेलो तर तू राहतोस. कदाचित खेळशीलसुद्धा."

"आणि तू काय करशील?"

"भावाच्या दुकानात टायर विकेन. गिऱ्हाईक काय बोंबलतंय ते ऐकू न येणं तिथे फायद्याचंच."

ड्वेनला हसू आलं. ग्रेडी हसला नाही. त्याने पीचची बी लांबवरच्या कचऱ्याच्या पिंपात नेमकी टाकली.

"माझ्या जागी मी असतो तर सांगितलं असतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुझ्या जागी, म्हणायचं होतं मला."

दोघं सावली फळीपर्यंत येईस्तोवर बसून राहिले.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी स्टॅशने सराव-शिबिरातल्या ड्वेनच्या खोलीच्या दारावर टकटक केली. आत न येता, बुटांकडे बघत तो म्हणाला, "कोच बोलावतायत. डावांची वही घेऊन ये, बाबा."

वही घेऊन ये म्हणजे नारळ मिळाला, हे संघातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

कोचने त्याला बसायला सांगितलं. खोलीत गवताचा आणि शिळ्या कॉफीचा वास होता.

"नऊ वर्षं, ड्वेन."

"हो, कोच."

"या आठवड्यात ग्रेडीने तीनदा डाव उशिरा सांगितला. एकदा तर मी कानात काय सांगतोय आणि हा काय करतोय. तुझ्याइतकं त्याला कोणी ओळखत नाही. काही आहे का? असेल तर आत्ता सांग. अजून वेळ गेलेली नाही." कोचने टेबलावरच्या यादीवर बोट ठेवलं. "तुझीसुद्धा गेलेली नाही."

खिडकीबाहेर ग्रेडी एकटाच जाळीत चेंडू फेकत होता. एक फेकला की पुढचा उचलायला तो वाकत होता, आणि प्रत्येक वेळी आधी मागे वळून बघत होता. पाठीमागून कोण येतंय हे त्याला आता बघूनच कळायचं.

ड्वेनने वही टेबलावर ठेवली.

"यंत्र खरखरतंय, कोच. मैदानाशेजारच्या सरोवरावरचा वारा सुटला की आणखी खरखरेल. कडेला हात करणारा एक माणूस असू द्या. नियमात बसतं ते."

कोचने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

"टीगला शिकवशील?"

"अर्धा तास द्या."

मोटारी लावतात तिथे त्याने टीगला उभं केलं. तेवीस वर्षांचा, उंच, आणि हात अंगाला चिकटवून खुणा करणारा.

"हात मोकळे सोड. विमान उतरवतोयस असं समज. कोपर, पट्टा, छाती. आणि तो तुझ्याकडे बघेपर्यंत सुरू करायचं नाही."

"पण कोच कानात सांगणारच आहेत ना?"

"सांगतील. तरी तू करायचं. प्रत्येक वेळी."

"अंकल, लोक हसतील."

"हसू देत."

निघताना ड्वेनने मैदानाकडे पाहिलं. ग्रेडीची पाठ होती. हाक मारून उपयोग नव्हता. त्याने मोटार सुरू केली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तो पार्मा या उपनगरातल्या आपल्या घरी, बैठकीच्या खोलीत होता. नऊ वर्षं हंगामाच्या या पहिल्या सामन्याला त्याची बायको आयरीन घोंगडी आणि थर्मास घेऊन मैदानात जाऊन बसायची. आज ती स्वयंपाकघरात कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत होती, लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त.

"फिरून येऊ या का?" तिने तिथूनच विचारलं.

"खेळ आहे."

ड्वेनने टीव्हीचा आवाज कमी केला. आणखी कमी केला. मग पूर्ण बंद केला. पडद्यावर सत्तर हजार तोंडं उघडत होती, मिटत होती. आयरीन हात पुसत दारात आली.

"बिघडला का?"

"नाही. राहू दे असाच."

ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

ग्रेडीने दोन्ही तळवे हेल्मेटच्या कानांवर दाबले. आवाज नीट ऐकू यावा म्हणून लीगमधले सगळेच क्वार्टरबॅक आता असं करत होते, त्यामुळे त्याच्याकडे कोणी निराळं बघत नव्हतं. मग त्याने मान वळवली, कडेकडे. टीगने हात वर केले. मोकळे, मोठे. कोपर, पट्टा, छाती. बरोबर होतं सगळं.

ग्रेडी वळला नाही. तसाच बघत उभा राहिला. डाव सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळातले आकडे उतरत होते. ड्वेन पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आला.

टीग गोंधळला. मग सरावात बघितलेलं एकदम आठवल्यासारखं त्याने टोपीचा काठ दोनदा ओढला, आणि खुणा पहिल्यापासून केल्या. ग्रेडीने मान हलवली आणि तो रिंगणाकडे वळला.

टोपी ओढायला ड्वेनने शिकवलं नव्हतं. ती खूण नव्हतीच. पहिल्या वर्षी स्टॅशने त्याला एक मोठी टोपी दिली होती, तीच तो नऊ वर्षं घालत आला होता, आणि ती वाऱ्याने उडेल म्हणून हात वर जायचा. वहीत तसलं काही कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"तो नवीन पोरगा सारखा टोपी का ओढतोय?" आयरीनने विचारलं.

"सैल असेल," ड्वेन म्हणाला.

पडद्यावर टीगची टोपी कानांपर्यंत घट्ट बसलेली होती.