योतेबाची खोली

"एकच माणूस राहणार ना, आकोया? आत्ताच काय ते सांग बाई. नंतर माझ्यावर कपाळाला हात लावायची वेळ आणू नकोस." घरमालकीण रामरतीकाकी दारात उभी राहून तिसऱ्यांदा तेच विचारत होती.

आकोया गुडघे टेकून फरशी घासत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "एकच हो काकी. माझा योतेबा. तोसुद्धा दिवसभर विद्यापीठातच असणार."

"सगळे असंच सांगतात. मागं तुमच्याच बेटांवरचा एक पोरगा ठेवला होता. गुणी हो, देवासारखा. महिन्याभरानं मोजते तर आत सात जण! म्हटलं, हे कोण रे? तर म्हणे, भाऊ. हा? हाही भाऊ. अरे, सातही भाऊ? म्हटलं, तुझ्या आईनं आयुष्यात दुसरा काही उद्योग केला की नाही?"

आकोयाला हसू आवरेना. काकी म्हणत होती ते खोटं नव्हतं. किरिबास बेटांवरचा माणूस इथं सुवा शहरात एकटा राहिलेला कुणी पाहिलाय?

खोली म्हणजे काकीच्या घरामागं पत्र्याखाली काढलेला आठ बाय दहाचा तुकडा. नळ बाहेर, मोरी सामायिक. पण आत एक टेबल होतं, टेबलापाशी खिडकी होती आणि विद्यापीठाचं फाटक चालत दहा मिनिटांवर. अनामत आणि अख्ख्या सत्राचं भाडं काकीनं आगाऊ घेतलं होतं. त्यासाठी आकोयानं हॉटेलच्या धुलाईघरात आठ महिने दोन-दोन पाळ्या चादरींना इस्त्री केली होती. तिचा उजवा खांदा आता वर जात नव्हता. जाईना का. डाव्या हातानंही फरशी घासता येते.

रायवांगा वस्तीतलं तिचं घर दोन खोल्यांचं. त्यात नऊ माणसं. चार तर वेगवेगळ्या बेटांवरून शिकायला आलेली पोरं, कुणी पुतण्या, कुणी भाच्याचा मेहुणा. कुणाकडून भाडं घ्यायचं नसतं, आणि कधी जाणार हे तर विचारायचंच नसतं. त्या गोंधळात योतेबा दोन विषयांत नापास झाला. विद्यापीठाचं पत्र आलं : शेवटची संधी, पुढच्या सत्रात एकाही विषयात राहिलात तर नाव कमी करण्यात येईल. ते पत्र आईच्या हातात देऊन योतेबा म्हणाला, "आई, मला रोज तीन तास शांतता मिळाली ना, तर मी पास होईन. दुसरं काही नको."

बाप गेला तेव्हा पोर चार वर्षांचं होतं. तेव्हापासून त्यानं आपल्यासाठी म्हणून मागितलेली ही पहिली गोष्ट. आकोयानं मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ही त्याला मिळालीच पाहिजे.

तिनं खोलीबद्दल कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यालाही कारण होतं. नात्यातल्या माणसानं घरी येऊन, समोर बसून, 'मी बुबुसी करतो' म्हणून एखादी गोष्ट मागितली, की ती द्यायची. नाही म्हणायचं नाही. आता कुणी म्हणेल, नाही म्हणायला काय जातं? जातं ना! सगळंच जातं. माणसाला नंतर आपल्या माणसांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. आपली बुबुसी लोकांनी पुरी करायची आणि आपण मात्र मूठ झाकायची, असल्या माणसाच्या मयतालाही कुणी धड रडत नाही. म्हणून शहाणी माणसं नवा सदरा पाहुणे गेल्यावर घालतात आणि चांगला मासा मागच्या दारानं घरात आणतात. खोली कशी लपवायची ती आकोया चांगली जाणून होती. सोमवारी योतेबानं गुपचूप जायचं, एवढंच बाकी होतं.

आणि रविवारी तिच्या जिभेनं घात केला.

प्रार्थनेनंतर चहा चालला होता. काआरो नावाची एक ठसक्याची बाई चारचौघींत म्हणाली, "काय गं आकोया, तुझा योतेबा म्हणे दोन विषयांत आपटला? मग आता काय, आमच्या पोरांबरोबर बोटीवर का?"

बायका हसल्या. काही फार वाईट हेतू नव्हता, पण आकोयाच्या डोक्यात तिडीक गेली. "बोटीवर जातील दुसऱ्यांची पोरं," ती म्हणाली. "माझ्या पोराला मी वेगळी खोली घेतलीय. विद्यापीठाला लागून. टेबलासकट!"

शब्द तोंडातून गेले ते गेले. सगळ्यांनी मान डोलावली, कुणीतरी 'वा' म्हटलं. आकोया चहा अर्धाच ठेवून घरी आली.

दुपारी चारच्या सुमाराला काबुनारे आला. आकोयाचा चुलत भाऊ, बेरू बेटावरचा. बरोबर त्याची मुलगी रुता, अठरा वर्षांची, हातात कपड्यांचं गाठोडं. आकोयानं चटई अंथरली, भात आणि डब्यातली मासळी वाढली. काबुनारे सावकाश जेवला. गावची ख्यालीखुशाली झाली, कोण गेलं, कुणाला नातू झाला. आकोया हं हं करत होती, पण तिचं सगळं लक्ष त्याच्या हाताकडे. हात धुऊन झाले की माणूस बोलतो.

काबुनारेनं हात धुतले.

"आको, रुताला शिक्षिकेच्या शिक्षणाला प्रवेश मिळालाय. वसतिगृहात जागाही होती. पण बेरूहून तारावाच्या विमानतळापर्यंत नेणारी बोट अकरा दिवस उशिरा आली. आम्ही इथं पोचेस्तोवर तिची जागा दुसरीला गेली. चार दिवस झाले, पोरगी चर्चच्या सभागृहात झोपतेय. तिथं बोटींवरचे गडीही उतरलेत. मी परवाच्या विमानानं परत चाललो." मग खाली बघत म्हणाला, "तुझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही, दिसतंय मला. योतेबासाठी तू खोली घेतलीयस म्हणे. आको, मी बुबुसी करतो. ती खोली रुताला दे."

योतेबा उंबऱ्यावर पाठमोरा बसला होता. त्याची बॅग त्याच्या शेजारीच भरून ठेवलेली होती.

काबुनारे कुणी लबाड माणूस असता तर बरं झालं असतं. आकोयाच्या नवऱ्यानं एके काळी त्याच्याकडे बुबुसी केली होती, होडीच्या इंजिनाची. काबुनारेनं त्याच दुपारी आपल्या होडीवरून इंजिन उतरवून खांद्यावरून आणून दिलं आणि पुढं दोन वर्षं वल्ही मारून मासे धरले. नवरा मेला, इंजिनही गेलं. काबुनारेनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आजही काढला नाही. रुता तर इतकी अवघडली होती की भाताच्या ताटाला तिनं हातही लावला नव्हता.

पण आकोयानं ठरवलं होतं. आयुष्यात एकदा. लोक काय शेण घालतील ते घालोत तोंडात.

"दादा," ती म्हणाली, "त्या खोलीचं असं आहे..."

"खोली रिकामीच आहे, मामा," योतेबा म्हणाला. तो वळून बघत होता. "आईनं कालच घासूनपुसून ठेवलीय. रुताला घेऊन जा. घरवालीला एकच माणूस हवाय, तेवढं सांभाळा."

काबुनारेनं आकोयाकडे पाहिलं. बाईच्या घरात बाईनंच द्यावं लागतं.

आणि त्या क्षणी आकोयाला काय वाटलं? राग नाही, दुःख नाही. हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं हायसं. तिच्या पोराचं आयुष्य हातातून निसटत होतं आणि ती सुटकेचा श्वास सोडत होती. पुढं कित्येक वर्षं तिनं देवापुढं सगळी पापं सांगितली, हे एक सांगायची तिला हिंमत झाली नाही.

तिनं कनवटीची किल्ली काढून रुताच्या हातात ठेवली. "खिडकी दुपारी लावून घे गं," ती म्हणाली. "ऊन येतं."

ती दोघं गेल्यावर योतेबानं बॅगेतली पुस्तकं काढून परत फळीवर लावली.

"तू नाही म्हणणार होतीस," तो म्हणाला.

"म्हणणारच होते."

"माहीत होतं मला. म्हणून तर मधे बोललो." तो हसला. "तुला जमलं नसतं गं आई. म्हटलं असतंस आणि मग रोज मेली असतीस. मी बघतो काहीतरी. एवढं काय!"

मग आकोयानं काय काय केलं नाही! घरातल्या पोरांना तंबी दिली, योतेबा वाचत असताना हू की चू करायचं नाही. पोरंही बिचारी शहाणी. पण आठ माणसं कुजबुजायला लागली, की त्याचा त्रास ओरडण्याहून जास्त होतो. आठवड्याभरात पुन्हा रेडिओवर रग्बी लागली आणि कुणाचं तरी बाळ तापानं रडायला लागलं. तिनं त्याला हॉटेलच्या चादरींच्या कोठारात बसवलं. चादरींच्या थप्प्यांमधे, उलट्या बादलीवर. तिथं त्यानं सतरा दिवस अभ्यास केला. ते दिवस खरोखर चांगले होते. ती इस्त्री करता करता मधेच जाऊन डोकावून यायची, तर तो मान न उचलता बोट वर करायचा, म्हणजे, बोलू नकोस, चाललंय. अठराव्या दिवशी मुकादमानं पाहिलं. "आकोया, हे काय पाळणाघर आहे?" तो म्हणाला. नोकरी राहिली, हेच नशीब.

योतेबा तीन विषयांत पास झाला. चौथ्यात चार गुणांनी राहिला. नाव कमी झालं.

रुता सगळ्या विषयांत पास झाली. निकाल सांगायला ती धावतच आली, तेव्हा योतेबा बंदरावर नाव नोंदवायला गेला होता. दारातच तिचा चेहरा बघून आकोयाला कळलं की हिला काहीतरी समजलंय.

"आत्या, रामरतीकाकी सांगत होती. तुम्ही आठ महिने... मला वाटलं होतं, योतेबाला ती लागतच नाही. मी रोज त्या टेबलापाशी बसून... आत्या, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"गप. वेडी कुठली." आकोयानं तिला जवळ घेतलं. "पास झालीस ना? मग झालं तर. बापाला कळव आधी."

पोरगी हुंदके देत राहिली. आकोया तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. रागवायला कुणीतरी वाईट माणूस लागतो, आणि तिच्या सबंध गोतावळ्यात तसा एकही सापडेना. मग रडायला तरी यावं! तेही आलं नाही. रुताला पोटभर जेवू घालून, उरलेली मासळी डब्यात बांधून तिनं तिला बसमधे बसवून दिलं.

योतेबा पुढच्याच आठवड्यात ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर गेला. काआरोचा पोरगाही त्याच बोटीवर होता. धक्क्यावर काआरो आपण होऊन आकोयाजवळ आली, तिचा हात धरून उभी राहिली.

तीन महिन्यांनी एका दुपारी धुलाईघरात आकोयाचा फोन वाजला. बोट पागोपागो बंदराला लागली होती.

"आई! कशी आहेस? खांदा?"

"खांद्याला काय धाड भरलीय! तू जेवतोस ना? आवाज का बसलाय?"

"गार हवा असते गं. बर्फाच्या खोलीत काम. पण बाकी झकास." त्याचा आवाज खरंच आनंदी होता. "आई, तुला गंमत सांगू? इथं मला माझी जागा आहे. झोपायची वरची फळी. पडदा ओढला की झालं, कुणी म्हणून येत नाही, कुणी काही मागत नाही. उशाशी छोटा दिवासुद्धा आहे. कामावरून आलं की सहा तास आपले. एवढी शांतता मला जन्मात मिळाली नव्हती बघ."

आकोयाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग वाचतोस का रे?"

पलीकडून त्यानं विचारलं,

"काय वाचू, आई?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता. ती फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली, तोही तिकडे तसाच राहिला, आणि त्याच्या कार्डावरचे पैसे संपेपर्यंत दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.