बारा रुपयांचा नट्टापट्टा

आमच्या घरात नट्टापट्टा फक्त मीच करत होती. बाकीचे सगळे साधेभोळे. निदान हिशेबाची वही तसं म्हणे, अन् वही मामंजीच्या हातची, मंग काय बोलता!

मामंजी म्हणजे माहे सासरे, वामनराव. सरकारी तिजोरीत जन्मभर कारकुनी केली. रिटायर झाले अन् घराचंच ऑफिस करून बसले. महिन्याचा पहिला रविवार आला का आमच्या सक्करदऱ्याच्या घरात जेवणं लवकर उरकत. बैठकीत पाट मांडला जाये. मामंजी पाटावर बसत, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत अन् मागच्या महिन्याचा खर्च मोठ्यानं वाचत. एरवी आमच्यासारखंच बोलणारा माणूस, पण वही उघडली का छापील मराठीत घुसे. "किराणा, एकशे दहा रुपये." मंग ज्याचा खर्च त्यानं म्हणायचं, "मंजूर." नाही म्हणायची रीतच नव्हती.

माही सासू प्रयागबाई, मी तिले आत्याबाई म्हणायची, सैपाकघराच्या उंबऱ्यावर भिंतीले टेकून बसे. ती तर खर्च कोणाचाही असो, दर ओळीले 'मंजूर' म्हणे. अर्ध्या झोपेत म्हणे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं तेच चालू होतं. वाचन संपलं का तिले आडवं व्हायचं असे. माह्याशी तिचं बोलणं म्हणजे 'भांडे घासले का' अन् 'काहून नाही घासले', बस.

आता त्या वहीतल्या ओळी ऐका. "औषध, साडेचार रुपये." हे औषध म्हणजे मामंजीचा कलप. शनिवारी संध्याकाळी फाटकं बनियन घालून, गळ्याभोवती पेपर गुंडाळून ते मोरीत बसत अन् ब्रशनं केस रंगवत. मिशाही रंगवत. उशीचा अभ्रा आपोआप रंगे, तो मी धुवायची. "देवपूजा, अत्तर, तीन रुपये." अत्तर देवाचं, पण फाया राहे मामंजीच्या कानात. "धोबी, खळ-इस्त्री, सात रुपये." त्यायच्या धोतराले अशी कडक खळ लागे का ते चालले म्हणजे आवाज येये. "कापडचोपड, शिलाई, अठरा रुपये." ही आमच्या ह्यायची, म्हणजे माह्या नवऱ्याची, मधुसूदनची बेलबॉटम. मिलमध्ये टाइमकीपर होते. खाली एवढी रुंद पँट का सायकलच्या चेनमध्ये अडकून दोनदा पडले, तरी शौक गेला नाही. साऱ्या ओळीयले सारे मंजूर म्हणत. गुपित काहीच नव्हतं. घरात साऱ्यायले सारं माहीत होतं अन् कोणाले त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

सगळ्यात शेवटी माही ओळ. "सूनबाई, नट्टापट्टा." पावडर, स्नो, केसाच्या पिना, अन् माह्या पातळाची इस्त्रीसुद्धा. त्यायची इस्त्री धोब्याच्या खात्यात, माही इस्त्री नट्टापट्ट्यात! एकदा विचारलं तर म्हणाले, "पुरुषाला बाहेर जावं लागतं." बाप्पा! अन् मी काय रोज देवघरात जात होती?

मी धरमपेठेत एका फोटो स्टुडिओत कामाले होती. मालकाचं नाव देवाजी. माणूस तोंडाचा फाटका, पण मनाचा सरळ. कामावर घेतलं त्याच दिवशी त्यानं सांगतलं, "बाई, गिऱ्हाईक आधी तुमच्याकडे पाहते, मंग माह्या कॅमेऱ्याकडे. चुरगळलेलं पातळ माह्या दुकानात चालणार नाही." मी पावत्या फाडायची अन् पडद्यामागं गिऱ्हाइकायले तयार करायची. जास्त करून लग्नाच्या पोट्ट्या. स्थळाले दाखवायचा फोटो. तोंडाले पावडर थापून येत अन् मान तशीच राहे, फोटोत मुंडकं वेगळं अन् धड वेगळं दिसे. मी ते सारं पुसून मान, कान, हात सारखं करून देये. रडत आलेली पोट्टी आरशात पाहून हसे. तिथं मले कोणी सूनबाई म्हणत नव्हतं. 'गोपिकाबाई, जरा पाहता का' म्हणत. तेवढे तासच माहे होते. बाकी सारा दिवस त्या घराचा होता.

पगार मात्र घरचा. पाकीट न फोडता आणायचं अन् रविवारी पाटासमोर ठेवायचं. वाचन झालं का मामंजी ते फोडत, नोटा थुंकी लावून मोजत, अन् त्यातले बारा रुपये नट्टापट्ट्याचे म्हणून माह्या हातावर ठेवत. माह्याच घामाचे पैसे, अन् देताना तोंड असं का जणू भीक वाढून राहिले. त्या वर्षी सारंच महागलं. पावडरचा डबा महागला, धोब्यानं भाव वाढवला, अन् माही ओळ बाराच्या वर गेली. पुढच्या महिन्यात परत गेली. मामंजीनं चष्मा काढला. "आणखी एकदा मर्यादा ओलांडली, तर नोकरी बंद. नटण्यासाठी कमवायचं आणि कमवण्यासाठी नटायचं, या घराला हे परवडत नाही." सासू उंबऱ्यावरून म्हणे, "मंजूर." आमचे हे बेलबॉटमची घडी सरळ करत बसले.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी गिळली. नोकरी जाऊ द्यायची नव्हती. पुढचा महिना मी असा काढला का काय सांगू. धोब्याले पातळ देणंच बंद केलं. तांब्यात विस्तव भरून तो पातळावर फिरवायची, बोटं पोळली. स्नोची बाटली पाणी घालून हलवायची. पावडर स्टुडिओत पफवर उरलेली तेवढीच तोंडाले लावायची. देवाजी एक दिवस म्हणे, "काय वो बाई, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "उपास आहे." ओळ नऊ रुपयांवर आणून दाखवली मी.

अन् मंग त्याच महिन्यात काटोलचं स्थळ आलं. माही नणंद शोभाताई लग्नाची होती. काटोलच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याचा पोरगा, त्यायनं फोटो मागवला. मामंजी त्या दिवशी मले 'बेटा' म्हणाले! "गोपिका बेटा, तुह्याच हातानं होऊ दे. काही कमी करू नको. पोट्टी उजळ दिसली पाहिजे." मी विचारलं, "सामान कोणत्या पैशातून आणू?" म्हणे, "आण तर सही, पाहून घेऊ." मी भैताड! इतके वर्षं त्या माणसाले ओळखून बी ऐकलं त्याचं. नवा पावडरचा डबा आणला, लाली आणली, नखाचं पॉलिश, रेशमी रिबीन, अन् खोट्या मोत्याची माळ भाड्यानं. माह्या बारा रुपयातले जे तीन उरले होते ते घातले, बाकीचे देवाजीकडून उसने घेतले. शोभाताईची मान, कान, हात, सारं जीव लावून केलं. देवाजीनं फोटो असा काढला का तिची स्वतःची मावशी म्हणे, ही कोण?

काटोलवाल्यायले फोटो पसंत पडला. पाहायले येतो म्हणून निरोप आला. मामंजीनं शनिवारी कलपाचा डबल हात मारला, सारी गल्ली फिरून आले.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाट मांडला, मी पगाराचं पाकीट समोर ठेवलं. मामंजीनं सुरुवातीलेच शोभाताईचा फोटो वहीतून काढून साऱ्यायले परत दाखवला अन् म्हणाले, "याला म्हणतात फोटो." मंग किराणा मंजूर, दूध मंजूर, औषध मंजूर, अत्तर मंजूर. शेवटी माह्याकडे न पाहता वाचलं, "सूनबाई, नट्टापट्टा. पावडर, लाली, नखांचं पॉलिश, रिबीन, माळेचं भाडं. एकूण वीस रुपये."

मले वाटलं, चुकून वाचलं. मी म्हटलं, "मामंजी, यातले अकरा तर शोभाताईच्या फोटोचे. तुम्हीच आणायले सांगतलं होतं."

"खरेदी कोणाच्या हातची?"

"माह्या."

"पावडरचा डबा सध्या कोणाच्या फडताळात आहे?"

"माह्या. पण..."

"लग्नखर्च हे खातं लग्न ठरल्यावर उघडतं. अद्याप ठरलेलं नाही." त्यायनं ओळीखाली पट्टी ठेवून रेघ मारली. "सलग तिसरा महिना. उद्या देवाजीला सांगून ये, काम सोडलं म्हणून. म्हण, मंजूर."

मी शोभाताईकडे पाह्यलं. ती मान खाली घालून स्वतःचे नखं पाहून राहिली होती. मीच रंगवले होते ते नखं, एकेक बोट हातात धरून. मी ह्यायच्याकडे पाह्यलं. ह्यायले तेव्हाच खिडकीबाहेर काहीतरी लय महत्त्वाचं दिसलं. उंबऱ्यावरून नेहमीसारखं आलं, "मंजूर."

"नामंजूर," मी म्हटलं.

मामंजीले ऐकू आलं नसावं असं वाटलं, म्हणून मी परत म्हटलं. "नामंजूर, मामंजी. अन् आता जरा मागची ओळ परत वाचा. औषधाची."

"कशाला?"

"या घरात कोण आजारी आहे, ते मले माहीत करून घ्यायचं आहे. आत्याबाईचे गुडघे दुखतात, त्यायले तर साधी पुडीही येत नाही. मंग औषध कोणाले?"

"गोपिका!" हे खिडकीतून एकदम घरात आले.

"तुम्ही थांबा, तुमची शिलाई अजून यायची आहे. मामंजी, देवाले वाहिलेलं अत्तर तुमच्या कानात कसं जाते? देव देऊन जातो का? तुमच्या धोतराची खळ घरखर्च, अन् माह्या पातळाची इस्त्री नट्टापट्टा? मी बी बाहेरच जाते ना! कलप साडेचार, अत्तर तीन, धोबी सात, न्हावी दोन. साडेसोळा झाले. ह्यायची पँट तर मी धरलीच नाही. दर महिन्याले तुम्हीच मोठ्यानं वाचता, मी काही चोरून पाह्यलं नाही. नटायले सारं घर नटते, अन् शिव्या मी एकटी खाते काहून?"

"तोंड सांभाळ," मामंजी ओरडले. छापील मराठी कुठल्या कुठं गेली. "माह्या घरात राहून मले हिशेब सांगून राहिली? त्या स्टुडिओत जाऊन हे शिकली का? बस झाली नोकरी! मधू, सांग तुह्या बायकोले!"

हे म्हणाले, "पाय धर त्यायचे. धर लवकर, विषय संपव."

मी वाकली. ह्यायले वाटलं, पाय धरायले वाकली. मी पाकीट उचललं. घरात आल्यापासून पहिल्यांदा ते पाकीट माह्या हातानं फोडलं. आधी आठ रुपये काढून पदराच्या टोकाले बांधले, ते देवाजीचे होते. मंग एक दहाची अन् दोन एक-एकच्या नोटा काढल्या अन् पाटासमोर वहीवर ठेवल्या, शोभाताईच्या फोटोच्या बाजूले.

"मामंजी, नट्टापट्टा," मी त्यायच्याच छापील मराठीत म्हटलं. "दरमहा बारा रुपये. कलप, अत्तर, खळ, न्हावी, सगळं यात बसवायचं. जास्त झाले तर पुढच्या वाचनात विचारणा होईल. मंजूर?"

मामंजीच्या कानशिलावरून घामाचा ओघळ आला, काळा. तो गालावरून खाली खळ केलेल्या सदऱ्यावर पडला. साऱ्यायनं पाह्यलं अन् साऱ्यायनं दुसरीकडे तोंड केलं. आता हा माणूस मले घराबाहेर काढते, असंच वाटलं मले.

"मंजूर."

उंबऱ्यावरून आलं. साऱ्यायच्या माना तिकडं वळल्या. सवयीनं बोलली असंल, असं मलेही वाटलं. पण सासू भिंतीले टेकलेली नव्हती. सरळ बसली होती, डोळे टक्क उघडे, अन् नवऱ्याकडे पाहून राहिली होती.

"अवं, काय बोलली तू?" मामंजी म्हणाले.

"मंजूर म्हटलं. जन्मभर म्हणून राहिली, आज का पहिल्यांदा ऐकलं?" मंग तिनं माह्याकडे तोच नेहमीचा कडू मोहरा वळवला. "अन् तू काय उभी राहिली वं? भांडे पडले हायेत."

मी पाकीट कमरेले खोचलं अन् भांडे घासायले बसली.