उशांपुढची तालीम

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला राग यायचा नाही, कारण ती होतीच तशी. वय त्रेचाळीस. मागच्या खोलीत एकटीने बसून काचा फ्रेमच्या मापाला घासायच्या आणि बसवायच्या, हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. काचेचा मध्य बरोबर बुबुळासमोर यावा लागतो. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं. तिच्या हातच्या चष्म्याने कुणाचं डोकं दुखल्याची तक्रार नव्हती. स्वतःचं रोज दुखायचं, पण ते कोण बघतंय?

मग मालकांना अवदसा आठवली. दुकानाला नवं रूप द्यायचं म्हणून त्यांनी मागची भिंत पाडली आणि तिचं यंत्र पुढे, काउंटरला लागून ठेवलं. म्हणे, काम डोळ्यांसमोर झालं की लोकांचा विश्वास बसतो. बसला असेल बापडा! बाईची मात्र पार घडी विस्कटली. डोक्यावर झगझगीत दिवे, कानाशी सतत गाणी, आणि काच घासताना कुणीतरी वाकून विचारणार, "किती वेळ लागेल हो?" तीन आठवड्यांत तिच्या हातून अकरा काचा फुकट गेल्या. आधीच्या एकोणीस वर्षांत नऊ गेल्या होत्या.

मालक माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "तुम्हाला एकटीला आडोसा करून दिला तर बाकीचे माझ्या डोक्यावर बसतील. डॉक्टरांचा कागद आणा, म्हणजे मला बोलता येईल. महिनाअखेरपर्यंत थांबतो. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल."

कसला कागद, ते भावजयीने सांगितलं. ती शाळेत शिकवायची, आणि नणंदेशी जपून बोलायची. "रागावू नका, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून मला वाटतंय. तुम्हाला ऑटिझम असावा. मोठेपणीही तपासून घेता येतं."

मिलिमीटर रागावली नाही. तिने आठ दिवस त्यावर मिळेल ते वाचलं आणि नवव्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडली. बरं वाटून रडली की वाईट वाटून, ते तिचं तिलाच कळेना. जावं की न जावं, यात आणखी आठ दिवस गेले. तपासून 'तुम्हाला काही नाही, स्वभाव आहे' म्हणाले, तर त्या अकरा काचा नुसत्या हलगर्जीच्या ठरणार. न जावं तर काम जाणार. शेवटी ती गेली.

डॉक्टरीणबाई दोन तास बोलल्या आणि त्यांनी आठ पानांचा फॉर्म हातात दिला. लहानपणी जवळून पाहिलेल्या माणसाने तो स्वतःच्या अक्षरात भरायचा, तुम्ही त्यात हात घालायचा नाही. "यावर बरंच अवलंबून आहे," त्या म्हणाल्या. वडील केव्हाच गेलेले, भाऊ आठ वर्षांनी धाकटा. राहता राहिली आई.

आई शहात्तर वर्षांची, खमकी. "दे इकडे," म्हणाली आणि दुपारभर खिडकीशी बसून तिने फॉर्म भरला. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही.

संध्याकाळी मिलिमीटरने वाचायला घेतला. नजरेला नजर देऊन बोलत असे का? होय, नेहमी. पाहुण्यांत मिसळत असे का? होय, हसतमुखाने. आवाजाचा त्रास होत असे का? मुळीच नाही. खोटंखोटं खेळत असे का? होय, पुष्कळ. खुर्च्यांवर उशा ठेवून पाहुणे-पाहुणे खेळत असे. 'या, बसा, कशा आहात' असे गोड बोलत असे.

हे शेवटचं तिने तीनदा वाचलं. उशा होत्या, खोटं नव्हतं. पण खेळ कुठला? पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आई चार खुर्च्यांवर चार उशा मांडायची आणि तालीम घ्यायची. दोन भुवयांच्या मधोमध बघ, लोकांना वाटतं डोळ्यांत बघतेस. तीन मोज, मग नजर काढ. हस. कानावर हात न्यायचा नाही. हात गेला की त्या हातावर फूटपट्टी बसायची. आई उशांमागे उभी राहून पाहुण्यांच्या आवाजात बोलायची आणि ही सहा वर्षांची पोर उशांना ख्यालीखुशाली विचारायची.

"आई, हे असं नव्हतं."

"मग कसं होतं? मिसळत नव्हतीस तू? कुणी कधी नाव ठेवलं तुला?"

"तू शिकवलंस म्हणून. डॉक्टरांना तू शिकवायच्या आधीचं हवंय. तू पुन्हा लिही."

"इतकं चांगलं लिहिलंय. नापास होशील असं कशाला लिहू?"

"यात नापासच व्हायला हवं, आई. तरच आडोसा मिळेल."

आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. तिने विचारलं, "म्हणजे तुला ते जमण्यासारखं नव्हतंच?"

"नव्हतं."

"त्रास व्हायचा?"

"हो." खोटं बोलायला आईने शिकवलं नव्हतं.

"मग मी तुला मारलं ते कशासाठी गं?"

दुसरी कुठली लेक असती तर 'जाऊ दे गं आई' म्हणून जवळ बसली असती. हिची या प्रश्नाची तालीम झालेली नव्हती. तिने आईच्या भुवयांच्या मधोमध पाहिलं, तीन मोजले आणि नजर काढली. आईच्या ते लक्षात आलं, आणि तिचा चेहरा एकदम पडला.

"माझ्या हाताने नाही लिहिणार मी ते," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना तोंडी सांगता आलं असतं. पण त्या आईला बोलावणार, फूटपट्टीचं विचारणार, आणि आई तिथे परक्या खुर्चीत मान खाली घालून बसणार. मिलिमीटरने ते सगळं मनात मांडून पाहिलं. मग फॉर्म चौघडी करून कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. महिना संपायला दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. ती आंघोळ करून आली तर समोरच्या खोलीत दोन खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर उशा. भर सकाळी सगळे दिवे लावलेले, रेडिओ मोठा केलेला. खुर्च्यांमागे आई उभी, पाठीला हात लावून.

"काउंटरवर काय काय विचारतात, सांग मला. आपण बसवून घेऊ."

मिलिमीटरने सांगितलं. आईने घसा साफ केला आणि गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारलं, "किती वेळ लागेल हो?"

उशीला कपाळ असतं तर जिथे असतं, तिथे तिने पाहिलं. तीन मोजले. "अर्धा तास. बसा ना."

बोलता बोलता तिचा हात कानाकडे गेला. आईने पाहिलं. ती वळली आणि तिने रेडिओ बारीक केला.

"तिकडे बारीक नाही होत, आई."

आई क्षणभर बटणावर हात ठेवून उभी राहिली. मग तिने तो पुन्हा मोठा केला.